फोटो आहे, पण ही कोण?

एक सोपा प्रयोग करून बघा. घरातला सगळ्यात जुना ग्रुप फोटो शोधा. लग्नातला, मुंजीतला, नाहीतर आजोबा रिटायर झाले तेव्हाचा. त्यातल्या किती माणसांची नावं तुम्हाला सांगता येतात ते मोजा. मधोमध बसलेले पगडीवाले पणजोबा ओळखू येतील, कारण त्यांचा हार घातलेला फोटो भिंतीवर आहे. शेजारची पणजीही ओळखू येईल. पण मागच्या रांगेत डोक्यावरून पदर घेऊन, कडेवर मूल घेऊन उभी असलेली ती बाई कोण? आईला विचारलंत तर ती म्हणेल, 'आजीकडची कुणीतरी असेल.' आजीला विचारलंत तर ती चष्मा शोधेल, फोटो खिडकीपाशी नेईल आणि पाच सेकंदांत सांगेल, 'अगं, ही माझी धाकटी आत्या. विहिरीत उडी मारायला सगळ्यांत पुढे असायची.'

म्हणजे घरात त्या बाईला ओळखणारं माणूस आता एकच उरलंय.

जुने फोटो जपायचे म्हटलं की आपल्या डोक्यात पहिल्यांदा स्कॅनर येतो, मग क्लाऊड, मग एखादं भारी ॲप. हे सगळं हवंच. पण स्कॅन केल्याने चेहरा वाचतो, नाव वाचत नाही. कागद आणखी पन्नास वर्षं टिकेल. त्या कागदावरच्या माणसांना ओळखणारी आजी तेवढी थांबणार नाही. त्यामुळे फोटोंचं काम काढलंत तर दोन्ही गोष्टी एकदमच करायच्या: फोटोची चांगली कॉपी आणि त्यातल्या प्रत्येकाचं नाव.

आधी बायकांची नावं जातात

घरातल्या पुरुषांची नावं कुठे ना कुठे सापडतातच. सातबाऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर, नोकरीच्या कागदांवर, देवळाच्या पायरीवर कोरलेल्या देणगीदारांच्या यादीत. पणजीच्या पिढीतल्या बायकांचं नाव अशा ठिकाणी फार कमी वेळा आलं. फोटोच्या मागे कुणी काही लिहिलंच असेल तर ते 'श्री. व सौ.' एवढंच.

त्यात आपल्याकडची लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत. ताटात तांदूळ पसरून त्यावर नवं नाव लिहायचं. माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, आणि घरात सगळे म्हणणार माई, जिजी, अक्का किंवा नुसतं वहिनी. तिच्या नातवंडांना विचारलं तर तेही 'माईआजी' एवढंच सांगतात. माहेरचं नाव सांगणारी माणसं तर केव्हाच संपलेली असतात.

याच्या उलट उदाहरण आपल्या सगळ्यांच्या पाहण्यात आहे. आनंदीबाई जोशींचा तो प्रसिद्ध फोटो आठवा. १८८५ साली अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात काढलेला. तीन देशांच्या तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात: साडीतल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. त्या फोटोखाली तिघींची नावं आणि गावं लिहिलेली आहेत. आनंदीबाईंच्या गावाचं स्पेलिंग चुकलंय, तरी हरकत नाही. कुणीतरी तेव्हा ती ओळ लिहिली म्हणून आज आपल्याला त्या तिघी माहीत आहेत. नाहीतर 'परदेशी विद्यार्थिनी, साल अज्ञात' एवढंच उरलं असतं. आणि हो, आनंदीबाईंचं माहेरचं नाव यमुना. तेही कुणीतरी लिहून ठेवलं म्हणूनच आज माहीत आहे.

एकच फोटो का असतो?

आपल्या फोनमध्ये एका ट्रिपचे चारशे फोटो असतात. पणजीचा मात्र आयुष्यभरात एकच असतो, आणि तोही ग्रुपमधला. असं का?

फोटोग्राफी आपल्याकडे तशी लवकर आली. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला. म्हणजे कॉलेजात कॅमेरा शिकायची हौस पावणेदोनशे वर्षं जुनी आहे. पण सामान्य घरापर्यंत कॅमेरा पोचायला खूप वेळ लागला. खर्च होता आणि भीतीही होती. फोटो काढला की आयुष्य घटतं, अंगातली शक्ती कॅमेरा ओढून घेतो, असं लोक मानायचे. सिनेमाकडे वळण्याआधी दादासाहेब फाळके फोटोग्राफीचा व्यवसाय करत होते, तेव्हा बडोद्यात त्यांच्या धंद्याला याच समजुतीने फटका बसला.

त्यामुळे फोटो निघायचा तो ठरवून. तालुक्याच्या गावी स्टुडिओत जायचं. मागे रंगवलेला पडदा, बाजूला उंच स्टुलावर कुंडी, खुर्चीच्या पाठीवर हात. कित्येकदा माणूस गेल्यावर लक्षात यायचं, की त्याचा एकट्याचा फोटोच नाही. मग ग्रुप फोटोतून चेहरा वेगळा काढून, मोठा करून, ब्रशने डोळे-मिशा ठीक करून भिंतीवरचा फोटो तयार व्हायचा. कधी नवरा-बायकोचे वेगवेगळे फोटो जोडून एका चौकटीत आणले जायचे. म्हणजे 'एडिटिंग'ही काही आपल्या पिढीने शोधलेलं नाही.

साठ-सत्तरच्या दशकांत आग्फा क्लिक थ्रीसारखे साधे कॅमेरे घरात आले. १२०च्या एका रोलवर बारा चौकोनी फोटो. तुमच्या घरात काडेपेटीपेक्षा थोडे मोठे, चौकोनी, पांढऱ्या कडेचे फोटो असतील तर ते बहुधा अशाच कॅमेऱ्यातले.

जुना टिकला, नवा लाल झाला

अल्बम काढलात की एक गंमत दिसेल. आजोबांचा १९५०च्या आसपासचा काळा-पांढरा फोटो अजून खणखणीत असतो, आणि आईबाबांच्या लग्नातला १९८५-९०चा रंगीत फोटो लालसर, विटका झालेला असतो. कारण सोपं आहे. काळ्या-पांढऱ्या फोटोतलं चित्र चांदीच्या बारीक कणांचं असतं. रंगीत फोटोत रंगद्रव्यांचे थर असतात आणि ती द्रव्यं अंधारात ठेवली तरी हळूहळू विटतात. सगळी सारख्या वेगाने विटत नाहीत, म्हणून फोटो एका रंगाकडे झुकतो. तेव्हा कॉपी करायला सुरुवात कुठून करायची? सगळ्यात जुन्या फोटोपासून असं वाटेल. पण ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटोही तितकेच घाईचे आहेत.

काळ्या-पांढऱ्या फोटोचे शत्रू वेगळे. दमट हवेत चांदी बाहेर येऊन कडेला निळसर, आरशासारखी चमक दिसायला लागते. फोटोवरचा जिलेटिनचा थर कसरीला खायला आवडतो. पावसाळ्यात बुरशी धरते. फ्रेममधला फोटो काचेला चिकटतो. असा चिकटलेला फोटो ओढून काढायच्या भानगडीत पडू नका. चेहरा काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. काचेसकटच स्कॅन करा. फार मोलाचा असेल, फाटला असेल, बुरशीने भरला असेल तर जाणकाराला दाखवा. 'इन्टॅक' या संस्थेची संवर्धन केंद्रं अशी कामं घेतात.

आणखी तीन गोष्टी टाळाच. जुन्या फोटोला लॅमिनेशन करू नका, ते परत काढता येत नाही. तुकडे जोडायला सेलोटेप लावू नका, तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. आणि मागे बॉलपेनने लिहू नका, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

कॉपी कशी काढायची?

सपाट काचेचा स्कॅनर मिळाला तर उत्तम. कागद आत ओढून घेणाऱ्या स्कॅनरमध्ये जुना फोटो कधीच घालायचा नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात स्कॅन करणार असाल तर सेटिंग आधी सांगा, नाहीतर कागदपत्रासारखं हलकं स्कॅन करून तुमच्या हातात पीडीएफ देतील.

पोस्टकार्ड आकाराच्या फोटोला ६०० डीपीआय. पासपोर्ट फोटो किंवा तो छोटा चौकोनी फोटो असेल तर १२००. फाइल टिफ प्रकारात सेव्ह करा. सहा बाय चार इंचांचा फोटो ६०० डीपीआयला साधारण २६ एमबीचा होतो. जड वाटेल, पण ही तुमची मूळ प्रत आहे. जेपेग त्यावरून हवे तेवढे काढता येतात. फोटो काळा-पांढरा असला तरी स्कॅन रंगीतच करा, म्हणजे डाग कुठला आणि सावली कुठली ते नंतर कळतं. 'ऑटो करेक्शन' बंद ठेवा. आणि फोटोची मागची बाजूसुद्धा स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेली तारीख, कुणाचं तरी अक्षर, सगळं मागेच असतं.

स्कॅनर नसेल तर फोननेही चालतं. फ्लॅश बंद. फोटो खिडकीपाशी, थेट ऊन न येणाऱ्या उजेडात सपाट ठेवा. फोन अगदी समांतर धरा. फार जवळ जाण्यापेक्षा थोडं वर जाऊन दुप्पट झूम करा, म्हणजे कडा वाकड्या येत नाहीत. काच चमकत असेल तर फोन आणि तुमच्यामागे एक काळा कपडा धरायला भावाला उभं करा.

निगेटिव्ह सापडल्या तर टाकू नका. प्रिंट विटली तरी निगेटिव्हमध्ये तपशील जास्त शिल्लक असतो. गावातला जुना स्टुडिओ बंद होत असेल तर तिथेही एकदा विचारून बघा. कित्येक घरांचे फोटो तिथल्या खोक्यांत पडून असतात आणि दुकान रिकामं करताना रद्दीत जातात.

फाइलला 'आयएमजी ००२३' असं नाव ठेवून काही उपयोग नाही. साल, प्रसंग, गाव असं नाव द्या. तीन प्रती ठेवा: एक लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर, एक क्लाऊडवर. फॅमिली ग्रुपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप त्याचा बारीक चुरा करून टाकतं.

स्कॅन झालं म्हणजे मूळ फोटो निकामी झाला, असं अजिबात नाही. भिंतीवर कॉपी लावा आणि मूळ फोटो कपाटाच्या मधल्या कप्प्यात, कागदी पाकिटात ठेवा. माळ्यावर उकाडा असतो आणि बाहेरच्या भिंतीला ओल, तिथे नको. वर्तमानपत्रात गुंडाळू नका. डांबरगोळ्याही नकोत.

फोटो दुसऱ्या नातेवाईकाकडे असेल तर? 'फोटो द्या' म्हणालात की काका सावध होतात. ते बरोबरच आहे, नेलेले फोटो परत येत नाहीत हे त्यांना माहीत असतं. त्यांच्या घरी जा, त्यांच्यासमोर स्कॅन करा, फोटो तिथेच ठेवा आणि पुढच्या आठवड्यात त्यांना एक छान प्रिंट नेऊन द्या. मग बघा, आतल्या खोलीतली दुसरी ट्रंकही उघडते.

ॲपमधली आजी खरी का?

आता त्या प्रश्नाकडे येऊ, जो तुम्ही कधीचा विचारणार होतात. एका क्लिकवर धूसर फोटो लख्ख करणारी एआय ॲप्स वापरायची का?

वापरा, पण ती काय करतात ते समजून. धूसर फोटोत डोळ्याच्या जागी आठ-दहा राखाडी ठिपके असतील तर डोळा कसा होता ही माहिती तिथे नसतेच. ॲप ती शोधून काढत नाही. लाखो चेहऱ्यांवरून शिकलेला एक 'शक्य' डोळा तिथे बसवतं. चेहरा सुंदर होतो, फक्त तो पणजीचाच असेल असं नाही.

आपल्या घरच्या फोटोंत हे फार जाणवतं. कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदण ॲपला डाग वाटू शकतं आणि ते पुसलं जातं. देवीचे व्रण असतील तर गाल गुळगुळीत होतो. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला. त्याआधीच्या पिढ्यांतल्या कितीतरी चेहऱ्यांवर ते व्रण होते, आणि ती माणसं त्या आजारातून वाचली याची ती खूण होती. नथीचा एखादा मोती गायब होतो. रंग भरताना ॲप नऊवारीला जो रंग देतं तो अंदाजच असतो. आजी सांगेल, 'छे, हिरवी नव्हती गं, अंजिरी होती.' तिचं ऐका आणि ते लिहून ठेवा.

म्हणून नियम एकच. 'मूळ' आणि 'सुधारलेले' असे दोन वेगळे फोल्डर ठेवा. मूळ स्कॅनवर काहीही करायचं नाही. सुधारलेला फोटो पाठवताना तो सुधारलेला आहे हे सांगायचं. नाहीतर दहा वर्षांनी तुमच्याच भाचीला ॲपने बनवलेला चेहरा खरा वाटेल आणि खरा चेहरा खराब कॉपी वाटेल.

आजीला काय विचारायचं?

फोटोची मोठी प्रिंट काढा. प्रत्येक डोक्यावर नंबर टाका: मागची रांग डावीकडून एक, दोन, तीन. फोनवर रेकॉर्डिंग सुरू करा (आजीला आधी सांगून) आणि नंबराप्रमाणे विचारत जा. दुपारी, जेवणं झाल्यावर, घाई नसताना. एका बैठकीत दोन-तीन फोटो पुरे.

'ही कोण?' एवढ्यावर थांबू नका. माहेरचं नाव काय होतं? घरात काय म्हणायचे? तुझी ती कोण लागते? फोटो कुठे काढला, कुणी काढला? ही साडी कुणाची? आणि सगळ्यात चांगला प्रश्न: त्या दिवशी फोटोत कोण नव्हतं? स्वयंपाकघरात राहिलेल्या बायका, रुसून बसलेले काका, विधवा म्हणून मागेच थांबलेली आत्या. फोटोत न आलेली माणसं या एका प्रश्नाने बाहेर येतात. कधी आजी बोलता बोलता गप्पही होईल. तेव्हा पुढचा नंबर विचारायची घाई करू नका.

आजी एक नाव सांगेल आणि तिची बहीण दुसरं. दोन्ही लिहा, कुणी काय सांगितलं तेही लिहा. भांडण तिथल्या तिथे सोडवायची गरज नाही. जुन्या कागदी फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने नाव लिहा. नंतरचे प्लास्टिकसारखे गुळगुळीत कागद पेन्सिल धरत नाहीत. त्यांची नावं पाकिटावर लिहा. गोष्टी सांगण्यासारख्या निघाल्या तर अनुषा यादव यांनी २०१० साली सुरू केलेला 'इंडियन मेमरी प्रोजेक्ट' बघा. घरगुती फोटो आणि त्यामागची गोष्ट एकत्र मांडली की एका घराचा फोटो सगळ्यांचा इतिहास कसा होतो, ते तिथे दिसतं.

पाणी घरात शिरलं तर

हे आपल्याकडे टाळून चालणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ ला सांगली-कोल्हापूर, २०२१ ला चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं. भांडीकुंडी, फ्रीज, गाड्या परत घेता आल्या. चिखलातले अल्बम मात्र पुष्कळांनी हरले म्हणून टाकून दिले.

ओला फोटो लगेच टाकायचा नसतो. ओल्या फोटोंची चळत तशीच वाळू दिली तर ते एकमेकांना कायमचे चिकटतात, म्हणून ओले असतानाच सावकाश सुटे करा. चित्राच्या बाजूला बोट न लावता स्वच्छ, थंड पाण्यात विसळा आणि चित्राची बाजू वर ठेवून सावलीत, कोऱ्या कागदावर वाळवा. बुरशी दोन दिवसांत धरायला लागते. तेवढ्यात जमत नसेल तर फोटोंच्या मध्ये बटर पेपर घालून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुणाच्या तरी फ्रीजरमध्ये ठेवा आणि घर आवरल्यावर काम करा. जपानमध्ये २०११च्या त्सुनामीनंतर स्वयंसेवकांनी चिखलातून उचललेले लाखो फोटो असेच धुऊन, वाळवून माणसांना परत दिले. त्यात पुष्कळसे कॉलेजवयीन होते की नव्हते याने फरक पडत नाही. एनएसएसच्या एका युनिटला जमेल असंच हे काम आहे.

या सुट्टीत

सगळा अल्बम एकदम करायला बसलात तर चौथ्या दिवशी कंटाळाल. दहा फोटो निवडा. ज्यांत आजी ओळखू शकते आणि तुम्ही ओळखू शकत नाही अशी माणसं आहेत, ते आधी. फोन चार्ज करा, एक मऊ पेन्सिल आणि एक वही घ्या. वहीत पहिल्या पानावर आजीचं नाव लिहा. लग्नाआधीचं आणि नंतरचं, दोन्ही. लग्नाआधीचं माहीत नसेल तर पहिला प्रश्न तुम्हाला मिळालाच.